अणूंच्या दाटीतून वाट शोधणारे रामचंद्रन

प्रथिनांची रचना उलगडण्यासाठी आज जगभर महागडी यंत्रे आणि बलाढ्य संगणक राबतात. तरीही हाती आलेली रचना विश्वासार्ह आहे की नाही, हे पारखताना ज्या आलेखाचा आधार घेतला जातो, तो १९६३ साली मद्रास विद्यापीठातून जगापुढे आला. त्याचे जनक जी. एन. रामचंद्रन.

त्यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी एर्नाकुलम येथे झाला. वडील गणिताचे प्राध्यापक होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रामचंद्रन विद्युत अभियांत्रिकीसाठी दाखल झाले, परंतु सी. व्ही. रामन यांनी त्यांना भौतिकशास्त्राकडे वळवले. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून ते मायदेशी परतले आणि १९५२ मध्ये मद्रास विद्यापीठात प्राध्यापक झाले.

कातडी व हाडे यांना बळकटी देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनात तीन साखळ्या दोराच्या पेडांप्रमाणे एकमेकींभोवती वळलेल्या असतात, असे त्यांनी गोपीनाथ कार्था यांच्यासह १९५५ मध्ये मांडले. फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी त्यावर आक्षेप घेतला. या रचनेत काही अणू परस्परांच्या फारच जवळ येतात, असे त्यांचे म्हणणे होते.

आक्षेप वर्मी लागणारा होता. रामचंद्रन यांनी मग मूळ प्रश्नालाच हात घातला. दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात? ज्ञात स्फटिकांमधील अंतरे तपासून त्यांनी मर्यादा निश्चित केल्या. अणू म्हणजे टणक गोट्या, एक गोटी दुसरीत शिरू शकत नाही, एवढेच त्यांचे गृहीतक. प्रथिनाच्या साखळीचा कणा प्रत्येक दुव्यापाशी मुख्यतः दोन बंधांभोवती फिरू शकतो. फाय आणि साय हे ते दोन कोन थोडेथोडे बदलत गोट्या कुठे आदळतात, याचा हिशेब त्यांनी सी. रामकृष्णन व व्ही. शशिशेखरन यांच्या साथीने मांडला. बहुतेक वळणे अशक्य ठरली. उरलेल्या मोजक्या जागांत अल्फा सर्पिल आणि बीटा पट्टी या परिचित रचना नेमक्या बसल्या.

१९७१ मध्ये त्यांनी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह मांडलेली गणिती पद्धत सीटी स्कॅनच्या प्रतिमा घडवण्यास उपयोगी पडली. नोबेल पारितोषिक मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले. कोलॅजेनच्या त्यांच्या रचनेत पुढे तपशिलाचे फेरफार झाले. तीन पेडांची मूळ कल्पना टिकली. त्या आक्षेपापायी आखला गेलेला आलेख आज जीवरसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्याच नावाने शिकवला जातो.