सरफोजीराजांच्या दप्तरातले डोळे आणि काचबिंदूचे जुने रिपोर्ट

काचबिंदूचे जुने रिपोर्ट फेकू नका, असे डॉक्टर दरवेळी का बजावतात? ही सवय किती जुनी आहे, हे पाहायचे तर दोनशे वर्षे मागे, तंजावरच्या मराठी राजवाड्यात जावे लागते.

सरफोजीराजे भोसले (दुसरे) यांचा जन्म १७७७ चा. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला स्थापन केलेल्या राज्यात १७८७ मध्ये तुळजाजीराजांनी त्यांना दत्तक घेतले. लगेच तुळजाजी वारले आणि गादी अमरसिंहांकडे गेली. कोवळ्या दत्तकपुत्राचा सांभाळ केला तो श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने. पुढचे शिक्षण मद्रासला झाले. मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत यांच्या जोडीला इंग्रजी आणि युरोपीय शास्त्रांची गोडी तिथेच लागली.

१७९८ मध्ये गादी मिळाली, पण वर्षभरातच, १७९९ च्या तहाने राज्य ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेले. राजांकडे उरला किल्ला, आसपासचा थोडा मुलूख आणि तनखा. अशा वेळी अनेक संस्थानिक शिकारीत आणि मेजवान्यांत रमले. सरफोजींनी पुस्तके जमवली. एकट्या युरोपीय भाषांतली चार हजारांहून अधिक. देवनागरी छापखाना काढला. औषधांच्या अभ्यासासाठी धन्वंतरी महाल उभा केला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक असे चारही प्रवाह एकत्र आले.

रुग्णाचे चित्र, रुग्णाची नोंद

त्यांचे सर्वांत लक्षणीय काम डोळ्यांचे. मोतीबिंदू आणि इतर नेत्रविकारांच्या रुग्णांची टिपणे त्यांच्या दप्तरात ठेवली गेली : तक्रार काय, उपचार कोणता, नंतर फरक काय पडला. काही टिपणांसोबत रुग्णाच्या डोळ्याचे रंगीत चित्रही आहे. कॅमेरा यायच्या आधीची ही गोष्ट. आजच्या भाषेत हे ‘आय इमेजिंग’च. कागदावर असले की आजचा डोळा कालच्या डोळ्याशी ताडून पाहता येतो.

मात्र त्या चित्रकाराला दिसत होता तो डोळ्याचा पुढचा भाग. पापणी, बुबुळ, बाहुलीत उतरलेला मोतीबिंदूचा पांढरेपणा. काचबिंदूचे नुकसान मागे, मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिनसेत होते. ती नस जिवंत माणसात पाहता येऊ लागली १८५१ नंतर, जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी ऑफ्थॅल्मोस्कोप बनवल्यावर. त्याच दशकात बर्लिनच्या ग्रेफे यांनी नजरेचा परीघ मोजण्याची चाचणी दवाखान्यात रुळवली.

आज काय तपासतात?

ढोकीहून तपासणीसाठी धाराशिव, लातूर किंवा सोलापूर गाठणाऱ्या रुग्णाला आज डोळ्याच्या दाबाशिवाय दोन चाचण्या सांगितल्या जातात. पहिली ओसीटी. यात प्रकाशाच्या मदतीने नसेच्या तंतूंच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. दुसरी फील्ड टेस्ट. एक डोळा झाकून समोरच्या खुणेवर नजर खिळवायची आणि आजूबाजूला ठिपका चमकला की बटण दाबायचे. ती कंटाळवाणी असते, हे खरेच. पहिल्यांदा देताना चुका होतात, म्हणून एका खराब निकालावरून कोणी निष्कर्ष काढत नाही. चाचणी पुन्हा घेतात.

दोन्ही का? सुरुवातीला बहुधा नसेची झीज ओसीटीत आधी दिसते, तेव्हा फील्ड टेस्ट चांगलीच येऊ शकते. आजार खूप पुढे गेला की थर इतका पातळ होतो की ओसीटीचा आकडा फारसा हलत नाही. तेव्हा फील्ड टेस्टच उपयोगी पडते. शिवाय जास्त मायनस नंबर असलेल्या डोळ्यात ओसीटी उगाच लाल रंग दाखवू शकते आणि मोतीबिंदूमुळे फील्ड खराब येऊ शकते. एका कागदावर भिस्त ठेवून चालत नाही.

काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. औषध किंवा शस्त्रक्रियेने दाब उतरवून उरलेली राखता येते. झीज थांबली की चालूच आहे, हे कळते ते मागच्या रिपोर्टशी तुलना केल्यावर. तीही शक्यतो त्याच प्रकारच्या यंत्रावर, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे सरळ जुळत नाहीत. दवाखाना बदलला की जुनी फाइल घरीच ठेवून जाणाऱ्याची तुलना पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होते.

राजांनंतर

सरफोजीराजे १८३२ मध्ये वारले. त्यांचे पुत्र शिवाजी यांच्या निधनानंतर १८५५ मध्ये तंजावरचे संस्थान संपले. सरस्वती महाल ग्रंथालय मात्र टिकले आणि १९१८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. नेत्ररुग्णांची ती टिपणे आणि चित्रे तिथेच जतन केलेली आहेत.