आल्विन यॉर्क : एक विश्वासू शेतकरी

अमेरिकेतील टेनेसी संस्थानच्या डोंगराळ मुलखात सन १८८७ साली शेतकऱ्याच्या घरी आल्विन यॉर्क ह्यांचा जन्म झाला. निशाणबाजीच्या शर्यतींत त्यांचा हातखंडा असे. परंतु मद्य व जुगार ह्यांचाही नाद होता. सन १९११ त पिता वारल्यावर माता व धाकटी भावंडे ह्यांचा भार त्यांजवर पडला. मातेच्या विनवण्यांनी ते प्रभूकडे वळले. पुढे महायुद्धात मनुष्यवध करावा काय, ह्या विवंचनेने त्यांचे मन व्याकूळ झाले. अखेर ते लढले. सन १९१८ त फ्रान्सात त्यांनी व सोबत्यांनी १३२ शत्रुसैनिक कैद केले. परतल्यावर कीर्ती विकून मिळणारे धन नाकारून त्यांनी नांगर धरिला, आणि डोंगरी मुलांकरिता शाळा काढिली. सन १९६४ त ते निवर्तले. वाचकहो, हातचे कौशल्य कोणाच्या सेवेस लावावे, हे त्यांच्या चरित्रावरून शिकावे.