एमिल झोला : दोन घरे, एक कॅमेरा

भारतीय भाषांतील साहित्याच्या अभ्यासकांना एमिल झोला हे नाव मुख्यतः दोन संदर्भांत परिचित आहे. निसर्गवादी कादंबरीचा प्रवर्तक हा त्यांतील पहिला. दुसरा संदर्भ द्रेफ्यूस प्रकरणाचा. एका निरपराध यहुदी अधिकाऱ्यासाठी आपली प्रतिष्ठा पणाला लावणारा लेखक म्हणून तेथे त्याचे स्मरण होते. या दोन्ही प्रतिमा सार्वजनिक आहेत. त्यांच्या आड त्याच्या आयुष्यातील आणखी एक व्यासंग झाकला गेला. अखेरच्या आठ वर्षांत झोलाने हजारो छायाचित्रे घेतली. पत्नी, मुले, मुलांची आई, कुत्री, बागेतील चहापान, सायकलवरची रपेट असे साधे विषय त्यांत वारंवार येतात. त्याच्या चरित्रात या छायाचित्रांची बहुधा उतारवयातील छंद म्हणून बोळवण होते. परंतु ती ज्या परिस्थितीत घेतली गेली ती ध्यानात घेतली, तर त्यांचे मोल निराळे ठरते. जे कुटुंब कायद्याला मान्य नव्हते आणि समाजासमोर आणता येत नव्हते, त्या कुटुंबाला त्यांनी एक स्थान मिळवून दिले.

झोलाचा जन्म २ एप्रिल १८४० रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील फ्रांचेस्को झोला हे मूळचे व्हेनिसचे, व्यवसायाने अभियंता. एक्स-आं-प्रोव्हांस या गावाच्या पाणीपुरवठ्याची योजना त्यांनी हाती घेतली होती. पण १८४७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि आई व मुलगा विपन्नावस्थेत सापडले. एक्सच्या शाळेत पुढे चित्रकार म्हणून गाजलेला सेझान हा त्याचा जिवलग मित्र होता. १८५८ मध्ये झोला पॅरिसला आला, परीक्षेत अनुत्तीर्ण झाला, काही काळ अर्धपोटी राहिला आणि १८६२ मध्ये आशेत या प्रकाशनसंस्थेत पुस्तकांची बांधाबांध करण्याच्या कामावर लागला. पुढे त्याची आलेक्सांद्रीन मेले हिच्याशी ओळख झाली. तीही कष्टकरी वर्गातील होती. १८७० मध्ये दोघांचा विवाह झाला. झोलाच्या विपन्नावस्थेची ती साक्षीदार होती, तशीच त्याच्या वैभवाची शिल्पकारही होती.

'रुगों-माकार' या वीस कादंबऱ्यांच्या मालेचा पहिला खंड १८७१ मध्ये आणि अखेरचा १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. आनुवंशिकता आणि परिस्थिती या दोन शक्ती माणसाला कशा घडवतात व कशा मोडतात, हे दाखवणे हा या मालेचा हेतू होता. १८७७ च्या 'लासोम्वार'ची नायिका झेर्व्हेझ ही कपडे धुऊन इस्त्री करणारी बाई. धोबीखान्यातील वाफ, साबणाचे पाणी, तापलेल्या इस्त्र्या आणि गिऱ्हाइकांच्या मळक्या कपड्यांचे ढीग या कादंबरीत पानोपानी आहेत. घरकामाच्या इतक्या तपशिलात शिरण्याचे धाडस तोवर फारच थोड्या कादंबरीकारांनी केले होते. यासाठी झोला वस्त्यांतून हिंडत असे, टिपणे करीत असे, नकाशे काढीत असे. मात्र कॅमेरा त्याने या कामासाठी वापरला नाही. माला पुरी झाल्यानंतरच तो छायाचित्रणाकडे गंभीरपणे वळला. त्यामुळे ही छायाचित्रे म्हणजे कादंबऱ्यांसाठी गोळा केलेला कच्चा माल, असा तर्क कोणी करू लागला तर तो कालक्रमाला धरून होणार नाही.

'लासोम्वार'च्या यशातून त्याने १८७८ मध्ये पॅरिसजवळ सेन नदीकाठच्या मेदां या खेड्यात ९,००० फ्रँकला एक लहानसे घर घेतले. पुढे त्या घराला मनोरे चढले, बाग वाढली, पाहुण्यांची वर्दळ सुरू झाली. घराची सर्व व्यवस्था आलेक्सांद्रीन पाहत असे. उणीव होती ती मुलाची. आलेक्सांद्रीनला झोलाची भेट होण्यापूर्वी एक मुलगी झाली होती. गरिबीमुळे तिने ती अनाथालयात दिली आणि ते अर्भक दगावले. झोलापासून तिला अपत्य झाले नाही. घरात कुत्र्यांचे कौतुक मात्र भरपूर होते.

१८८८ मध्ये आलेक्सांद्रीनने झान रोझरो नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलीला कामावर ठेवले. घरातील कपड्यांची निगा राखणे, शिवणटिपण करणे हे तिचे काम. झोला त्या वेळी अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. त्याच वर्षी रोयां या समुद्रकाठच्या गावी तेथील पत्रकार व्हिक्तोर बियो याच्या सहवासात त्याला छायाचित्रणाची पहिली गोडी लागली. वर्ष संपण्यापूर्वी तो आणि झान परस्परांच्या प्रेमात पडले. तिने नोकरी सोडली व झोलाने तिच्यासाठी पॅरिसमध्ये वेगळे बिऱ्हाड थाटले. १८८९ च्या सप्टेंबरमध्ये दनीझ ही मुलगी आणि १८९१ च्या सप्टेंबरमध्ये झाक हा मुलगा जन्मला. विवाहित पुरुषाला विवाहबाह्य संबंधातून झालेल्या अपत्याचे पितृत्व कायदेशीररीत्या स्वीकारण्याची मुभा तत्कालीन फ्रेंच कायद्यात नव्हती. ज्याच्या लेखणीने रुगों-माकार घराण्याची पाच पिढ्यांची वंशावळ रचली, त्याला स्वतःच्या मुलांना आपले नाव देता येत नव्हते.

१८९१ च्या अखेरीस एका निनावी पत्राने आलेक्सांद्रीनला ही हकीकत समजली. ती झानच्या बिऱ्हाडी जाऊन थडकली आणि तेथील मेज फोडून झोलाने लिहिलेली पत्रे तिने नष्ट केली. घर मोडण्याची वेळ आली होती. पण ते मोडले नाही. पुढील काही वर्षांत दोन्ही संसार सांभाळणारी एक कष्टप्रद व्यवस्था रूढ झाली. सकाळ लेखनाची, काही दुपारी मुलांच्या, रात्र आलेक्सांद्रीनच्या घरी. १८९३ मध्ये 'डॉक्टर पास्काल' ही मालेतील अखेरची कादंबरी निघाली. छापील अर्पणपत्रिकेत आई आणि पत्नी यांचा उल्लेख होता. झानला दिलेल्या प्रतीवर मात्र त्याने स्वहस्ते वेगळी अर्पणपत्रिका लिहिली आणि कादंबरीतील तरुण क्लोतिल्दच्या जागी तिला ठेवले. मुले उन्हाळ्यात मेदांच्या समोरच्या टेकडीवर राहावयास येत, तेव्हा झोला आपल्या घरातून दुर्बीण लावून त्यांना बागेत खेळताना पाही. बाप आणि मुले यांच्यामध्ये एक नदी आणि एक भिंग होते.

१८९४ च्या सुमारास त्या दुर्बिणीच्या जोडीला कॅमेरा आला. झोलाची वृत्ती अर्धवट छंदाची नव्हती. हळूहळू त्याच्याकडे दहाएक कॅमेरे जमले. पॅरिसचे घर, मेदां आणि १८९५ पासून झान व मुले जेथे उन्हाळा घालवू लागली ते वेर्नय, अशा तीन ठिकाणी त्याने अंधारखोल्या उभारल्या. काचेच्या प्लेटी धुणे, निरनिराळ्या कागदांवर प्रती काढणे ही कामे तो स्वतः करी. दुपारी मेदांहून सायकलवरून वेर्नयला जाणे हा त्याचा नित्यक्रम झाला.

या चित्रांतील जग लहान आहे. मेदांच्या चित्रांत आलेक्सांद्रीन आहे, पाहुणे आहेत, घराजवळून जाणारी आगगाडी आहे, आणि मांडीवर किंवा पायाशी पिनपिन नावाचा लहानसा कुत्रा आहे. वेर्नयच्या चित्रांत झान आहे, सायकलींसह मुले आहेत, बागेतले चहाचे टेबल आहे. दनीझ आणि झाक यांच्या वाढत्या वयाचा तर तो एक सलग इतिहासच आहे. १८९७ मध्ये त्याने या दोघांच्या चित्रांचा एक आल्बम बांधला आणि एखाद्या पुस्तकाला द्यावे तसे त्याला शीर्षक दिले. दुरून झडप उघडण्याच्या युक्तीमुळे त्याला स्वतःलाही चित्रात बसता येई. बागेतल्या चहाच्या टेबलाशी झान आणि मुले यांच्यासोबत तो बसलेला दिसतो, तेव्हा कुठल्याही नोंदवहीत नसलेली एक नोंद तेथे झालेली असते.

प्राण्यांविषयीचे त्याचे प्रेम हाही केवळ घरगुती विषय राहिला नाही. १८९६ मध्ये 'ल फिगारो'त त्याने त्यावर लेख लिहिला आणि मुक्या जिवाच्या दुःखाने माणूस का व्याकूळ होतो, याचा शोध घेतला. त्यानंतर दोनच वर्षांनी या प्रेमाची कसोटी लागली. १३ जानेवारी १८९८ रोजी द्रेफ्यूस प्रकरणी त्याचे अनावृत पत्र 'लोरोर'मध्ये छापून आले. एक वर्षाचा तुरुंगवास आणि ३,००० फ्रँक दंड अशी शिक्षा झाली आणि जुलैमध्ये त्याला गुपचूप इंग्लंडला जावे लागले. मालकाच्या वियोगात पिनपिन खंगला आणि सप्टेंबरमध्ये मेला. देशभरच्या शिव्याशाप सोसलेल्या या माणसाला आलेक्सांद्रीनच्या पत्रातून आलेल्या त्या वार्तेने मोठा धक्का बसला.

परदेशात नाव बदलून राहणाऱ्या झोलाला कॅमेऱ्याने सोबत केली. लंडनच्या दक्षिणेकडील उपनगरांतले रस्ते, दुकाने आणि सायकलवरून जाणाऱ्या स्त्रिया त्याने टिपल्या. झान आणि मुले काही आठवडे येऊन राहिली; ती गेल्यावर आलेक्सांद्रीन आली. अज्ञातवासातही दोन घरांचा क्रम चुकला नाही. तेथेच त्याने 'फेकोंदिते' ही कादंबरी लिहिली. तिचा विषय मुलाबाळांनी भरलेल्या घराचे वैभव हाच आहे.

जून १८९९ मध्ये तो परतला. १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाची त्याने असंख्य छायाचित्रे घेतली. २८ सप्टेंबर १९०२ रोजी पतिपत्नी मेदांहून पॅरिसच्या घरी आली. रात्री शयनगृहाच्या शेगडीचे धुराडे तुंबले व खोलीत विषारी वायू कोंडला. आलेक्सांद्रीन वाचली, झोला सकाळी मृतावस्थेत सापडला. १९०८ मध्ये त्याच्या अस्थी पाँतेआँमध्ये नेण्यात आल्या.

छायाचित्रांना जे साधले नव्हते ते आलेक्सांद्रीनने केले. तिच्याच पुढाकाराने दनीझ आणि झाक यांना एमिल-झोला हे आडनाव कायद्याने मिळाले. १९३१ मध्ये दनीझने वडिलांचे चरित्र प्रसिद्ध केले. १९७९ मध्ये नातू फ्रांस्वा एमिल-झोला याने मासें याच्या सहकार्याने या छायाचित्रांचे पुस्तक काढले, तेव्हा हा घरगुती ठेवा जगासमोर आला.

झोलाच्या कादंबऱ्यांतील घरे दारू, दारिद्र्य आणि रक्तातील दोष यांमुळे ढासळतात. छायाचित्रांतील घरे शांत, उजळ आणि नीटनेटकी आहेत. याचा अर्थ त्याचा सिद्धांत खोटा होता असा नव्हे; तसाच छायाचित्रे खोटी आहेत असाही नव्हे. कादंबरीसाठी तो कारणे शोधीत होता, कॅमेऱ्यापाशी मात्र त्याला कारणे नको होती. तरीही या आल्बमने पुष्कळ गोष्टी गाळल्या आहेत, याचा विसर पडता कामा नये. आलेक्सांद्रीनचा संताप त्यात नाही. कोणी पाहील या धास्तीने आयुष्य आखून घेतलेल्या झानचा एकांतवासही त्यात नाही. चौकटीत कोणी केव्हा यावे, हे ठरवणारा एकटा झोला होता. परक्या घरची वस्त्रे सांधण्यासाठी आलेली झान या छायाचित्रांत गृहिणी म्हणून बसली आहे. तो मान तिला अन्यत्र मिळाला नाही. मुलांना नाव मिळाले ते आलेक्सांद्रीनच्या औदार्याने. झान मात्र १९१४ मध्ये रोझरो याच नावाने निवर्तली.