हाफकिनलाही ताप आला होता!

लसीनंतर बाळाला ताप येतो म्हणून शेजारच्या वहिनी कचरतायत? त्यांना वाल्डेमार हाफकिनची गोष्ट सांगा. १८६० मध्ये ओडेसात जन्मलेला हा पठ्ठ्या १८९६ मध्ये प्लेगने हादरलेल्या मुंबईत आला. लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचली. ताप आला, उतरला! लोक तरी घाबरायचेच. मग आगा खानांनी सगळ्यांसमोर टोचून घेतली.

१९०२ मध्ये पंजाबात लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. खापर हाफकिनवर फुटलं, निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. १९३० मध्ये तो गेला. कर्जत लोकलने कधी परळला गेलात तर त्याच्या नावाची संस्था बघा. आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी घेतलेले पोलिओचे थेंब तिथलेच.