लंडनची पायपीट

बँकेच्या नोकरीत माझी वर्ध्याला बदली झाली होती. रविवारी सेवाग्रामच्या रस्त्याने चालताना आश्रमातल्या बापूंपेक्षा मला आठवे तो लंडनमधला एकोणीस वर्षांचा मोहनदास.

१८८८ च्या सप्टेंबरात बॅरिस्टर व्हायला निघालेल्या या मुलाने तिथे आधी साहेबी थाट केला. दहा पौंडांचा सूट, एकोणीस शिलिंगांची हॅट, नाच आणि व्हायोलिनची शिकवणी! मग डोळे उघडले. पै-पैचा खर्च लिहून तो झोपण्यापूर्वी रोज शिल्लक जुळवू लागला. आम्हा बँकवाल्यांना विचारा, हे किती जिकिरीचे! कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी पोचता येईल अशी खोली घेतली. बसभाडे वाचले आणि रोज आठ-दहा मैल चालणे होऊ लागले. शाळेत कसरत टाळणाऱ्या मोहनदासला मोकळ्या हवेत फिरण्याचा नाद मात्र तेव्हापासूनच होता. परदेशात आपण आजारी पडलो नाही, याचे श्रेय त्यांनी पुढे या चालण्यालाच दिले.

व्हेंटनॉरला मात्र फजिती झाली. घरमालकिणीच्या मुलीने त्याला टेकडीवर फिरायला नेले. उंच टाचांचे बूट घालून ती बाणासारखी खाली उतरली; हा पट्टीचा चालणारा धडपडत, मध्येच बसत, सरपटत उतरला. ती खाली हसत उभी! आत्मकथेत गांधीजींनी हे काहीही न लपवता सांगितले आहे.

१२ जून १८९१ रोजी ते मायदेशी निघाले. ३० एप्रिल १९३६ रोजी, वर्ध्याच्या भर उन्हाळ्यात, ते सेगावला आले. पुढे याच गावाचे सेवाग्राम झाले. वय सहासष्ट, आणि आले तेही पायीच.