भूछत्रांच्या शोधात बिआट्रिक्स पॉटर

निळा कोट घातलेल्या पीटर नावाच्या सशाची गोष्ट जगभरातील मुलांना ठाऊक आहे. मात्र, या सशाच्या जनक बिआट्रिक्स पॉटर यांनी त्याआधी सुमारे दहा वर्षे रानातील भूछत्रांच्या अभ्यासात घालवली होती, हे फार थोड्यांना माहीत असते.

२८ जुलै १८६६ रोजी लंडनमधील एका सधन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुलीला शाळेत पाठवण्याची त्या घरात पद्धत नव्हती. शिक्षिका घरी येत. धाकटा भाऊ बर्ट्रम आणि घरात पाळलेले ससे, उंदीर, बेडूक, गोगलगाई हेच त्यांचे सवंगडी. उन्हाळ्यात हे कुटुंब स्कॉटलंडला आणि पुढे इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात मुक्कामाला जाई. निसर्ग बारकाईने पाहण्याची सवय त्यांना तेथेच जडली.

१८९२ मध्ये स्कॉटलंडमध्ये त्यांची गाठ चार्ल्स मॅकिंटॉश यांच्याशी पडली. मॅकिंटॉश यांचे आयुष्य टपाल वाटण्यात गेले होते. पण रोजच्या पायपिटीत त्यांनी वनस्पती आणि भूछत्रांचे मोठे ज्ञान मिळवले होते. ते लंडनला टपालाने नमुने पाठवत आणि पॉटर त्यांची चित्रे काढून पाठवत. केवळ टोपीचा रंग रंगवून भागत नाही, खालच्या पात्यांची ठेवण आणि उभा छेदही दाखवावा, हा मॅकिंटॉश यांचा सल्ला त्यांनी मनावर घेतला.

हे काम सोपे नव्हते. भूछत्राचे आयुष्य मोजक्या दिवसांचे. रात्रीतून बिनशंखाच्या गोगलगाई त्याची टोपी कुरतडतात, चिलटांच्या अळ्या देठ पोखरतात. युरोपातील तांबडी खार तर भूछत्रे तोडून फांद्यांवर वाळत ठेवते. त्या गोगलगाईंवर हेजहॉग हा छोटा काटेरी प्राणी आणि भेक जगतात. बागेतील ही सारी मंडळी पुढे पॉटर यांच्या पुस्तकांत अवतरली. १९०३ मध्ये खारीची, १९०५ मध्ये हेजहॉगची आणि १९०६ मध्ये बेडकाची गोष्ट आली.

चित्रे काढता काढता त्यांना बीजाणूंचे कुतूहल वाटू लागले. घरच्या स्वयंपाकघरात काचपट्ट्यांवर बीजाणू रुजवून त्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची वाढ पाहू लागल्या. रसायनशास्त्रज्ञ असलेले त्यांचे काका सर हेन्री रॉस्को यांनी त्यांना क्यू येथील शाही वनस्पती उद्यानात नेले. तेथील संचालकांनी या हौशी तरुणीची फारशी दखल घेतली नाही. तरीही त्यांनी निबंध पूर्ण केला. १ एप्रिल १८९७ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत तो मांडण्यात आला, तेव्हा लेखिका सभागृहात नव्हत्या. स्त्रियांना तेथे प्रवेश नव्हता. क्यू येथील कवकशास्त्रज्ञ जॉर्ज मॅसी यांनी तो सादर केला. अधिक काम करण्यासाठी पॉटर यांनी पुढे निबंध मागे घेतला. तो छापला गेला नाही आणि आज उपलब्धही नाही. सोसायटीने पहिल्या स्त्री सदस्य निवडल्या त्या १९०४ मध्ये.

विज्ञानाचे दार असे अर्धेच उघडले. दुसरे दार मात्र आधीच किलकिले झाले होते. ४ सप्टेंबर १८९३ रोजी स्कॉटलंडमधील भूछत्रांच्या मोसमातच त्यांनी एका आजारी मुलाला सचित्र पत्र पाठवून पीटर सशाची गोष्ट सांगितली होती. प्रकाशकांनी नाकारल्यावर १९०१ मध्ये त्यांनी ती स्वखर्चाने छापली. १९०२ मध्ये वॉर्न प्रकाशन संस्थेने ती बाजारात आणली आणि नंतरचा इतिहास सर्वज्ञात आहे.

पुस्तकांच्या उत्पन्नातून त्यांनी सरोवरांच्या प्रदेशात शेते घेतली. १९१३ मध्ये विल्यम हीलिस यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मेंढीपालनात रमल्या. २२ डिसेंबर १९४३ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा चार हजार एकरांहून अधिक जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केली होती. भूछत्रांची शेकडो चित्रे अँबलसाइड येथील आर्मिट संग्रहालयाकडे गेली.

१९६७ मध्ये भूछत्रांवरील एका इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकात त्यांची ५९ चित्रे छापण्यात आली. लिनियन सोसायटीनेही १९९७ मध्ये, शंभर वर्षांनंतर, त्यांना मिळालेल्या वागणुकीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. भूछत्र ओळखण्यासाठी आजही अभ्यासक त्यांची चित्रे पाहतात. ज्या कामासाठी त्यांना सभागृहात जागा मिळाली नव्हती, त्या कामाची ही पावती त्यांच्या हयातीत मात्र येऊ शकली नाही.