इब्न सिना आणि मनातील भय

लांडगा दिसताच मेंढी पळत सुटते. लांडग्याचा रंग आणि आकार तिला डोळ्यांनी दिसतो. पण त्याचे वैर काही डोळ्यांना दिसत नाही. मग ते तिला कळते कशाने? सुमारे हजार वर्षांपूर्वी हकीम इब्न सिना यांनी या प्रश्नाचे उत्तर मेंदूत शोधले.

त्यांचा जन्म ९८० साली बुखाऱ्याजवळील अफशाना गावी झाला. वडील सामानी राजवटीत अधिकारी होते. दहाव्या वर्षापर्यंत कुरआन शरीफ मुखोद्गत झाले. हिंदी अंकगणित मात्र ते एका भाजीविक्रेत्याकडून शिकले, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ऐन तारुण्यातच अमीर नूह बिन मन्सूर यांच्या आजारात त्यांना बोलावणे आले आणि त्यातून शाही ग्रंथालयाची दारे त्यांना उघडली.

पुढचे आयुष्य निवांत गेले नाही. वडील वारले, राज्य कोसळले, एकामागून एक शहर सोडावे लागले. हमदानला वजीर झाले तर सैनिकांनी बंड करून घर लुटले. चाळीस दिवस लपून राहावे लागले. नंतर फरदजानच्या किल्ल्यात चार महिने कैद भोगली. भय त्यांनी केवळ ग्रंथांत वाचलेले नव्हते.

मेंढीला वैर ओळखविणाऱ्या शक्तीला त्यांनी ‘वहम’ म्हटले व तिचे स्थान मेंदूच्या मधल्या पोकळीत सांगितले. आपला मराठी ‘वहीम’ त्याच शब्दातून आला. जमिनीवरच्या फळीवरून माणूस सहज चालतो. तीच फळी दरीवर टाकली की पाय लटपटतात, असा दाखला ते देतात. परीक्षेत पाठ असलेले उत्तर विसरणारे मूल ज्या पालकांनी पाहिले आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. ‘कानून’ या ग्रंथात तर प्रेमात झुरणाऱ्या रोग्याची नाडी धरून एकेक नाव उच्चारण्याची रीत आहे. ज्या नावाला नाडी बदलते, तेथे दुखण्याचे मूळ.

त्यांचे सारेच बरोबर नव्हते. भावनांचे मूळ ते हृदयात मानीत, आणि मेंदूच्या पोकळ्यांत केवळ द्रव असतो. १९३७ साली अमेरिकेत क्लूव्हर व ब्युसी यांनी माकडांच्या मेंदूचा कानशिलाकडील भाग दोन्ही बाजूंनी काढला, तेव्हा ती सापालाही भिईनाशी झाली. त्या भागात खोलवर अमिग्डला नावाचा बदामाच्या आकाराचा पुंजका असतो. धोका जाणवताच, विचार पुरा होण्याआधीच, तो छाती धडधडवितो आणि तळहातांना घाम आणतो. कपाळामागचा मेंदू मागाहून त्याला आवरतो. झोप अपुरी झाली की हा लगाम सैल पडतो. घाबरलेल्या मुलाला भित्रा म्हणून हिणवल्याने तो आवळला जात नाही.

१०३७ साली पोटशूळाने जर्जर झालेले इब्न सिना प्रवास करीत हमदानला पोचले आणि तेथेच रमजान महिन्यात त्यांचा इंतकाल झाला. त्यांची कबर त्याच शहरात आहे.